भीती पुसली जात नाही, तरी ओसरते

नुसते बोलून कुणाचा आजार बरा होतो का, असे सुशिक्षित माणसेही विचारतात, कारण सायकोथेरपी, म्हणजे संवादातून होणारा मानसोपचार, हा नुसता धीर देणे किंवा उपदेश करणे असा त्यांचा समज असतो. मन मोकळे केल्याने हलके वाटते हे खरेच. परंतु या उपचाराचा गाभा शिकण्याच्या प्रक्रियेत आहे, आणि भीतीच्या विकारांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

समजा, नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी बाजारपेठेच्या) मेन रोडवर ऐन गर्दीत एखाद्याची छाती धडधडू लागली, श्वास अपुरा पडला आणि आता आपण मरणार असे त्याला वाटले. तपासणीत हृदय निरोगी निघाले, तरी तो बर्डीला जाणे टाळू लागतो. टाळल्याबरोबर सुटल्यासारखे वाटते आणि ही सुटकाच टाळण्याची सवय पक्की करते. पुढे इतवारीचा बाजार, मग बस, मग लिफ्टही वर्ज्य होते, कारण तिथे जाऊनही काही होत नाही हे मेंदूला कळण्याची संधीच उरत नाही.

थेरपिस्ट ती संधी पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने देतो. भीतीचे मूळ शिक्षण मात्र यातून पुसले जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत एका संकेतानंतर नेहमी अन्न मिळत गेल्याने नुसत्या संकेतानेही कुत्र्यांना लाळ सुटू लागली. संकेतानंतर अन्न देणे थांबवल्यावर कुत्र्यांची लाळ सुटणे थांबले, पण काही काळाने तोच संकेत देताच ती पुन्हा सुटली. मेंदूतील अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग धोक्याची खूण जपून ठेवतो. कपाळामागील प्रीफ्रंटल भागाच्या साहाय्याने तिला आवर घालणारी दुसरी, नवी आठवण तयार होते. ही नवी आठवण ज्या परिस्थितीत घडली तिच्याशी बरीच बांधलेली असते. म्हणून क्लिनिकमधला सराव पुरत नाही. तो प्रत्यक्ष बर्डीत, वेगवेगळ्या वेळी, पुढे एकट्यानेही करावा लागतो, आणि मध्येच भीती परतली तर उपचार फसला असे होत नाही.

अशा त्रासाला बाहेरची बाधा समजून ताईत बांधणारी घरे आजही आहेत. ताईत बांधून माणूस बाजारात सुखरूप फिरला, तर श्रेय ताइताला जाते आणि 'धोका नव्हताच' हे शिकणे राहूनच जाते. एका बैठकीत मेंदू बदलून देण्याच्या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नये, कारण या शिक्षणाला पुनरावृत्ती लागते.

नागपुरात शासकीय मेडिकलचा मनोविकृतीशास्त्र विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे उपचारांची सोय आहे, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.