थरारपटाची सुरुवात आणि प्रेक्षक-प्रतिसाद (विद्यार्थी-चित्रपट)

विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या थरारपटाची पहिली दोन-तीन मिनिटे मोजक्या प्रेक्षकांना दाखवून, त्यांना काय दिसले, काय समजले आणि कोणत्या क्षणी धास्ती वाटली याचा माग काढण्याची, आणि त्यावरून संकलन व ध्वनीत बदल ठरवण्याची पद्धत. चित्रपट आवडला की नाही, हा यातला सर्वांत कमी कामाचा प्रश्न होय.

प्रदर्शनाआधी चित्रपट लोकांना दाखवून पाहण्याची रीत हॉलिवूडमध्ये १९२०च्या दशकात रुळली. हॅरॉल्ड लॉइडसारखे विनोदवीर प्रेक्षागृहात हशा कुठे पिकतो ते पाहून दृश्ये कापत किंवा पुन्हा चित्रित करत. शिक्षणात या पद्धतीचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीज विषयात नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची, हा एक नेमलेला प्रकल्प असे. पुढच्या वर्षीच्या कामात ‘प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात?’ याचे उत्तर लिहावे लागे. गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला आणि पणजीत शिकणाऱ्या मुलांना जगभरचे चित्रपट घराजवळ पाहायला मिळू लागले.

थरारपटाच्या बाबतीत प्रतिसाद वाचणे अवघड असते, कारण प्रेक्षकाला काही गोष्टी कळू नयेत अशीच रचना केलेली असते. म्हणून ‘काही कळलं नाही’ हा शेरा तक्रारही असू शकतो आणि पावतीही. मूल्यमापनाचे निम्मे काम या दोहोंची फोड करण्यात जाते. एक उदाहरण घेऊ. पहाटेचा अंधार, पणजीजवळच्या रायबंदरचा धक्का. रेनकोट घातलेला एक माणूस चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत चढतो. हातात स्टीलचा डबा. फेरी मांडवी नदीच्या मध्यावर येते, इंजिनाचा आवाज तेवढा उरतो. पुढच्या दृश्यात डबा पलीकडच्या धक्क्यावर एकटाच ठेवलेला, माणूस नाही. त्यावर शीर्षक. प्रेक्षक विचारतो, ‘डब्यात काय होतं?’ किंवा ‘तो उतरला कुठे?’ हे गूढ. दिग्दर्शकाला नेमके हेच हवे होते. दुसरा विचारतो, ‘डबे दोन होते का?’ किंवा ‘हे आदल्या रात्रीचं होतं का?’ हा गोंधळ. प्रश्न कथेतल्या माणसाबद्दल असेल तर ते गूढ आणि दृश्यांच्या जोडणीबद्दल असेल तर तो गोंधळ, हा ढोबळ पण भरवशाचा निकष आहे.

अशा वेळी प्रेक्षक उपायही सुचवतात: मध्ये एक फ्लॅशबॅक टाका, निवेदन घाला. दुखते कुठे हे प्रेक्षकाला अचूक कळते. औषध मात्र त्याने सांगितलेलेच लागू पडेल असे नाही. वरच्या उदाहरणात डब्याच्या झाकणावरचा पोचा फेरीत चढतानाच दोन सेकंद जवळून दाखवला की दोन डब्यांचा संशय मिटतो, निवेदनाची गरजच उरत नाही. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचा प्रसिद्ध दाखला इथे उपयोगी पडतो: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल मिळते. म्हणून ‘भीती वाटली नाही’ असे उत्तर आले की संगीत चढवण्याआधी तपासावे ते हे, की त्या क्षणी प्रेक्षकाला धोक्याची माहिती होती का.

गोव्यात आणखी एक अडचण येते आणि ती बाहेरच्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात जागा ओळखू येते, नटही ओळखू येतो. ‘हा आमच्या वाड्यावरचा!’ अशी कुजबुज उठली की खुनी खुनी राहत नाही. तिसवाडी तालुक्यात (पणजी, रायबंदर इथलीच) चित्रित केलेला भाग तिसवाडीतल्याच प्रेक्षकांना दाखवून ‘थरार जमत नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे; तो भाग काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातल्या, शक्य तर कोल्हापूर-बेळगावच्या प्रेक्षकांनाही दाखवायला हवा. दोन्हीकडे एकाच जागी लक्ष उडाले तर दोष चित्रपटाचा.

दुसरी गोष्ट भिडेची. जत्रेतल्या मराठी नाटकांवर वाढलेला इथला प्रेक्षक रंगमंचाला मनापासून दाद देतो, पण आपल्या गावच्या मुलांना तोंडावर नावे ठेवत नाही. ‘छान झालंय’, ‘बरें जालां’ यापलीकडे तो जाईलच असे नाही. त्यात प्रश्नपत्रिका मराठीत किंवा इंग्रजीत आणि मनातले बोलणे कोंकणीत, असेही पुष्कळदा घडते. लेखी उत्तर जपून येते; बाहेर चहा घेताना तोच माणूस मोकळेपणाने बोलतो. त्यामुळे तोंडी गप्पांची नोंद ठेवणे हा या कामाचा जोडभाग नव्हे, गाभाच आहे. आई, काकी, मामा यांचे मत प्रेमाने ऐकावे, मोजणीत धरू नये.

प्रतिसाद घेताना आधी कथा सांगू नये. ‘हा थ्रिलर आहे’ एवढेही नको. खेळ चालू असताना एकाने पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे: मोबाइल केव्हा बाहेर आला, कोण पुढे सरकून बसला, हसू नको तिथे कुठे फुटले. या नोंदी सेकंदासह कराव्यात. संपल्यावर पहिला प्रश्न एकच: ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ उत्तरांत विविधता असली तरी सगळी एकाच धोक्याभोवती फिरत असतील तर सुरुवात काम करते आहे. आवाजाची परीक्षा वेगळी करावी. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस वाजत असलेल्या वर्गात लॅपटॉपच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीची घरघर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि थरारपटाची धास्ती पुष्कळदा त्या घरघरीतच असते. तिथे मिळालेले ‘काही वाटलं नाही’ हे उत्तर खोलीबद्दलचे असते.

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीची पाच पायऱ्यांची श्रेणी (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’) प्रश्नावलीत सर्रास वापरतात. तिला हरकत नाही. मात्र १५ जणांपैकी १२ जणांनी होकार दिला तर तसेच लिहावे. ‘८० टक्के प्रेक्षक’ असे लिहिल्याने सभागृह भरल्याचा भास होतो.

बदल केल्यावर पुन्हा दाखवायचे तर प्रेक्षक नवे लागतात. ज्याला डबा पलीकडे एकटा दिसणार हे माहीत आहे, त्याची उत्कंठा पुन्हा मोजता येत नाही. थरारपटाचा प्रेक्षक एकदाच खर्च होतो. म्हणून शहाणे गट सगळ्या मित्रांना पहिल्याच दिवशी बोलावत नाहीत: सहा-सात जण पहिल्या कच्च्या संकलनासाठी, तेवढेच दुसऱ्यासाठी, आणि काही अखेरच्या आवृत्तीसाठी राखून ठेवतात. दर वेळी एकच मोठा बदल करतात, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. अहवालात स्वीकारलेल्या सूचनांइतकीच नाकारलेल्या सूचनांनाही जागा असते: कोणी काय सुचवले, ते का केले नाही, आणि त्या जागी पुढच्या प्रेक्षकांनी काय विचारले.