समोरच्याने करार मोडला, तर तो रीतसर कसा संपवायचा? (नागपूर)

माल उशिरा आला किंवा काम अर्धवट सोडले, म्हणून करार आपोआप संपत नाही. तो संपवत असल्याचे तुम्हालाच कळवावे लागते, तेही करारात ठरलेल्या रीतीने.

चूक सुधारायला १५ किंवा ३० दिवसांची मुदत करारात लिहिलेली असेल, तर ती आधी द्या. घाईने पत्र धाडले की करार तुम्हीच मोडला, असा उलटा दावा येतो. असे कलम नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ पाहायचा. समोरच्याने कामाला साफ नकार दिला, तर कलम ३९ खाली करार संपवता येतो. नुसता उशीर असेल तर कलम ५५ लागते. मुदत पाळणे हाच कराराचा गाभा नसेल, तर फक्त भरपाई मिळते.

खरी गोची माल उतरवून घेताना होते. हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याने महिनाभर उशिरा आलेला माल चलनावर सही-शिक्का मारून मुकाट घेतला, की उशिराची भरपाई मागण्याचा हक्कही जातो. माल घ्यायचाच असेल तर ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून’ असे त्याच वेळी लेखी कळवा.

नोटिशीत कराराची तारीख, मोडलेले कलम, थकीत रक्कम आणि शेवटची मुदत लिहा. मुदत टळल्यावर करार संपवल्याचे दुसरे पत्र द्या. दोन्ही पत्रे करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. घेण्यास नकार म्हणून लिफाफा परत आला तर फोडू नका. पोस्टाच्या शेऱ्यासह तो तसाच पुरावा असतो. घेतलेला ॲडव्हान्स हिशेबात धरावाच लागतो.

वसुलीचा व्यावसायिक दावा ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे (व्यावसायिक न्यायालय कायदा, २०१५, कलम १२अ). नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज करायचा. शुल्क १,००० रुपये. मध्यस्थीला ३ महिने मिळतात, दोघे राजी असतील तर आणखी २. हा काळ दाव्याच्या ३ वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत. समोरचा फिरकलाच नाही तर नमुना ३ मधला अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडा. तातडीचा मनाई हुकूम हवा असल्यास थेट न्यायालयात जाता येते. करारात लवादाचे कलम असेल तर मात्र वाटच वेगळी: लवादाची नोटीस द्यावी लागते.

सोबत मूळ करार, परचेस ऑर्डर, बिले, चलने, खातेउतारा, बँक स्टेटमेंट, नोटिसा व पोचपावत्या ठेवा. कंपनी असेल तर सही करणाऱ्याच्या नावाचा ठरावही. मुद्रांक कमी असेल तर फरक आणि दंड भरल्याशिवाय करार पुराव्यात घेत नाहीत. भागीदारी फर्म नोंदणीकृत नसेल तर करारावरून दावाच चालत नाही, म्हणून हे सर्वांत आधी तपासा. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, आणि संदेश ज्या मोबाइलवर आले तो निकालापर्यंत विकू नका.