बुधाला हवा नाही, मग टायटनला कशी?

बुधाचं वस्तुमान शनीच्या टायटन या उपग्रहाच्या जवळजवळ अडीच पट आहे. तरीही टायटनच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे दीडपट भरतो आणि बुधावर मात्र वातावरण म्हणावं असं काहीच नाही. जास्त गुरुत्वाकर्षण म्हणजे जास्त हवा, हे आपण शाळेत ऐकलेलं उत्तर इथे उघडच तोकडं पडतं.

ते खोटं नाही, पण अर्धं आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि त्यांचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: तापमान आणि रेणूचं वजन. आपल्या नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी ५०० मीटर धावतो, तर हायड्रोजनचा रेणू जवळजवळ २ किलोमीटर. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, त्याला मुक्तिवेग म्हणतात. म्हणजे हायड्रोजनही अडकून राहायला हवा होता. पण सगळे रेणू सरासरी वेगाने धावत नाहीत. काही थोडे फारच वेगवान असतात, आणि सुमारे ५०० किलोमीटर उंचीच्या वर हवा इतकी विरळ असते की वर निघालेल्या रेणूला वाटेत टक्कर द्यायला कोणी भेटत नाही. शिवाय तिथलं तापमान हजार अंशांपर्यंतही चढतं. त्यामुळे पृथ्वी आजही दर सेकंदाला सुमारे ३ किलो हायड्रोजन अवकाशात गमावते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन वजनदार, म्हणून टिकून राहतात.

आता टायटनकडे पाहू. तिथला मुक्तिवेग सेकंदाला फक्त २.६ किलोमीटर आहे, आपल्या चंद्राच्या २.४ पेक्षा किंचितच जास्त. पण पृष्ठभागाचं तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. एवढ्या थंडीत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला जेमतेम ३०० मीटर धावतात. बुधावर भर दुपारी तापमान ४३० अंशांपर्यंत जातं आणि सूर्याचा मारा अगदी जवळून होतो. टायटनची हवा राखण्यात त्याच्या वजनापेक्षा सूर्यापासूनच्या अंतराचा वाटा मोठा आहे.

दुसरं उत्तर फार लोकप्रिय आहे: चुंबकीय क्षेत्र हवेचं रक्षण करतं. मला ते जरा घाईचं वाटतं. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, आणि त्याची हवा मात्र पृथ्वीपेक्षा सुमारे ९० पट दाब देते. टायटनलाही असं क्षेत्र नाही. उलट गुरूचा गॅनिमीड हा स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला आपल्याला ठाऊक असलेला एकमेव उपग्रह. आकाराने टायटनपेक्षा थोडा मोठाच, आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचा अत्यंत विरळ थर सोडला तर काही नाही. चुंबकीय क्षेत्र सौरवाताला, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताला, दूर ठेवतं हे खरं, पण त्याच क्षेत्रामुळे ध्रुवांजवळ आयनांना (विद्युतभारित अणू-रेणूंना) बाहेर पडायला वाटही मिळते. शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांच्यावरून आज होणारी ऑक्सिजनच्या आयनांची गळती मोजली, तर ती साधारण एकाच पातळीची निघते.

मग मंगळाचं काय झालं? त्याच्या हवेचा दाब आज पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे, पण कोरड्या नदीपात्रांवरून दिसतं की कधीकाळी तिथे पाणी वाहत होतं, म्हणजे हवा दाट असली पाहिजे. नासाचं मेव्हन यान २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि त्याने आर्गॉनची मोजणी केली. ही निवड फार हुशारीची होती. आर्गॉन कशाशीही संयोग करत नाही, त्यामुळे तो खडकात मुरून नाहीसा होत नाही. गेलाच तर अवकाशातच जातो. त्यातही हलका आर्गॉन-३६ जड आर्गॉन-३८ पेक्षा जास्त सहज निसटतो. दोघांचं आज उरलेलं प्रमाण पाहून २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: मंगळाचा सुमारे दोन तृतीयांश आर्गॉन अवकाशात निघून गेला आहे. सौरवाताने वेगात ढकललेले आयन वरच्या थरातल्या अणूंवर आदळून त्यांना बाहेर उडवतात. तरुण सूर्य आजच्यापेक्षा कितीतरी उग्र होता, त्यामुळे मोठं नुकसान त्या काळात झालं.

आतापर्यंत फक्त खर्चाची बाजू पाहिली. वातावरण हा जमाखर्च आहे, आणि जमेची बाजू आपण विसरतो. ज्वालामुखी आतून वायू बाहेर टाकतात. आपल्या हवेत सुमारे १ टक्का आर्गॉन आहे, तो जवळजवळ सगळा खडकांतल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून तयार झालेला. खर्चही फक्त अवकाशात होत नाही: पृथ्वीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड चुनखडीत बंद झाला, शुक्राचा हवेतच राहिला. टायटनचा नायट्रोजन मुळात अमोनियाच्या रूपाने बर्फात अडकून आला असावा. आणि तिथला मिथेन सूर्यप्रकाशाने सतत मोडत असतो, तेव्हा आतून कुठून तरी नवा येत असणारच.

गुरूच्या आयो या उपग्रहावर हा हिशेब काही तासांत बदलताना दिसतो. तिथे ज्वालामुखींतून निघालेला सल्फर डायऑक्साइड दहिवरासारखा पृष्ठभागावर जमतो आणि उन्हात पुन्हा वायू होतो. आयो गुरूच्या सावलीत शिरला की हवेचा मोठा भाग गोठून खाली बसतो, बाहेर आला की परत वर येतो. प्लूटोच्या विरळ नायट्रोजनचंही तसंच. सूर्यापासून दूर जाताना ती हवा हळूहळू गोठत जाईल, फक्त त्याला अनेक दशकं लागतील.

हाच प्रश्न आता दुसऱ्या ताऱ्यांपाशी पोचला आहे. ट्रॅपिस्ट-१ हा सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा लहानसा थंड तारा. त्याला पृथ्वीएवढे ७ ग्रह आहेत. असे तारे लहान असले तरी उसळते असतात आणि अतिनील व क्ष-किरणांचा मोठा मारा करतात. वेब या अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये सगळ्यात आतल्या ग्रहाची उष्णता मोजली, तेव्हा त्याच्याभोवती दाट हवा असल्याची खूण मिळाली नाही. खरी परीक्षा बाहेरच्या, जास्त थंड ग्रहांची आहे. त्यांच्याजवळ हवा सापडली, तर अशा उग्र ताऱ्याच्या माऱ्यातही खडकाळ ग्रहाची जमा खर्चाला पुरून उरू शकते, याचा तो पुरावा असेल.