हजेरीपटावरची नावे आणि कलम ८(१)(जे)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील कलम ४४(३) नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आले आणि त्याबरोबर माहिती अधिकार अधिनियमातील कलम ८(१)(जे) चा, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या अपवादाचा, मजकूर बदलला. हा बदल किती मोठा आहे, हे समजण्यासाठी मूळ कायदा कोणत्या मागणीतून आला ते पाहावे लागते.

ती मागणी अगदी साध्या कागदांची होती. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांचे हजेरीपट, बिले आणि पावत्या मागितल्या. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांत हजेरीपटावरची नावे गावासमोर मोठ्याने वाचली जात, आणि कामावर कधीच न गेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलल्याचे त्या त्या माणसांच्याच तोंडून उघड होई. नाव झाकून ही तपासणी होऊच शकली नसती. नाव हाच तिथे पुरावा होता. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. त्याच सुमारास न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने कायद्याच्या मसुद्याला आकार दिला. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आलेला कायदा २३ सप्टेंबर २००२ पासून लागू मानला गेला, आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्रीय कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर अमलात आला.

त्या कायद्याला खासगीपणाचे भान नव्हते, हा समज चुकीचा आहे. मूळ कलमानुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत होती. मात्र ती सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी असावी लागे, आणि व्यापक लोकहित असल्यास तीही देता येई. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही जोडलेले होते. तरीही व्यवहारात या कलमाचा अर्थ आकसत गेला. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सेवाविषयक नोंदी व मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला, आणि पुढे अनेक जन माहिती अधिकारी तोच निकाल पुढे करून अर्ज फेटाळू लागले.

खासगीपणाची चिंता मात्र खरी होती. केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडल्याचे २०१७ मध्ये सरकारनेच मान्य केले. लोकांनी मागितले होते कोणाला किती पैसे मिळाले ते. आधार क्रमांक कोणीही मागितला नव्हता. त्याच वर्षी २४ ऑगस्टला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यातही कलम ८(१)(जे) मध्ये दुरुस्ती सुचवली होती, पण तीत होणारी हानी आणि लोकहित यांची तुलना शाबूत होती.

२०२३ च्या कायद्याने ती तुलना या कलमातून काढून टाकली. आता वैयक्तिक माहितीशी संबंधित असणे एवढेच कारण नकारासाठी पुरते. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) नुसार लोकहित वरचढ असल्यास माहिती देता येते, असे सरकार सांगते, आणि ते कलम खरोखरच कायम आहे. पण पूर्वी सार्वजनिक कामाशी निगडित माहिती या अपवादात सहसा मोडत नव्हती. आता ती आधी अपवादात जाते आणि तिथून बाहेर काढण्यासाठी अर्जदाराला लोकहित पटवून द्यावे लागते. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कलम ४ चे बंधन अजूनही पुस्तकात आहे. त्याचा आणि नव्या मजकुराचा मेळ कसा घालायचा, हे आता प्रत्येक कार्यालयातला माहिती अधिकारी ठरवणार आहे, आणि रोजगार हमीचा हजेरीपट मागणाऱ्या मजुराची गाठ पहिल्यांदा त्याच्याशीच पडते.