वाकलेला साइड रॉड: सरळ करण्याआधी वाचा

मॉडेल रेल्वेचं इंजिन टेबलावरून पडलं की पहिला मार साइड रॉडला, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला बसतो. पण दुरुस्तीला आलेल्या रॉडवर बाकापेक्षा पकडीच्या दातांचेच ओरखडे जास्त दिसतात. ही माहिती एचओ आणि ओओ या मापांच्या इंजिनांसाठी, म्हणजे 16.5 मिमी रुळांवर चालणाऱ्यांसाठी आहे.

आधी धातू ओळखा. लोहचुंबकाला चिकटला तर तो मुलामा दिलेला पोलादी पत्रा. न चिकटणारा पिवळा म्हणजे पितळ, पांढरट असेल तर बहुधा जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्त, चांदी फक्त नावात). हे तिन्ही सरळ होतात. राखाडी ओतीव भाग सहसा झामॅक या जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, तो सरळ होण्याऐवजी तुटतो. जुन्या झामॅकमध्ये शिशाची भेसळ असेल तर तो आपोआप फुगतो, भेगाळतो. अशा चॅसीला (इंजिनाच्या सांगाड्याला) हात लावू नका, तिला इलाज नाही.

रॉड इंजिनावर असताना कधीही वाकवू नका. सगळा जोर क्रँकपिनवर (रॉड ज्यात अडकतो त्या चाकावरच्या खुंटीवर) येतो, चाक आसावर फिरतं आणि दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमधला 90 अंशांचा कोन बिघडतो. मग रॉड सरळ होऊनही इंजिन लंगडतं. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डावा-उजवा रॉड, वॉशर, स्क्रू वेगळे ठेवा.

सुटा रॉड काचेवर ठेवून मागून उजेड धरा, फट कुठे आहे ते दिसेल. पीळ असेल तर तो आधी काढा, मग पोक. पोक काढायला सागाच्या फळीवर दोन्ही टोकांखाली व्हिजिटिंग कार्डाची एकेक पट्टी ठेवा, उंचवटा वर. मधोमध लाकडी काडीने फळीला टेकेपर्यंत दाबा आणि सोडा. धातू थोडा परत उसळतो, म्हणून त्याला सरळ रेषेपलीकडे न्यावंच लागतं. पुरलं नाही तर पट्ट्या वाढवा, जोर नव्हे. पकड वापरायचीच तर गुळगुळीत जबड्यांची.

रॉड रुंदीच्या दिशेने वाकला असेल तर काम अवघड. 2 मिमी रुंद आणि 0.5 मिमी जाड पट्टी त्या दिशेला 16 पट ताठ असते, दाबली की बाजूला निसटते. तिला दोन सपाट पोलादी तुकड्यांमध्ये हलकेच धरून मगच कडेवर दाब द्या.

हातोडी नको. ठोकलेला धातू पातळ होतो आणि लांबतो, भोकांमधलं अंतर वाढतं. उलट, 30 मिमी अंतराच्या रॉडला 1 मिमीचा बाक राहिला तर ते सुमारे 0.09 मिमीने कमी होतं. आकडा क्षुल्लक वाटेल, पण क्रँकपिनभोवतीची मोकळीक फार तर तेवढीच असते.

पितळ आणि जर्मन सिल्व्हर प्रत्येक वाकवण्याने कडक होत जातं, शेवटी चीर जाते. तांबट भांडं ठोकता ठोकता मधेच तापवतात ते यासाठीच. पण रॉड तापवू नका. मऊ झालेला रॉड पहिल्याच धक्क्याला पुन्हा वाकेल. इंजिनाच्या हँडरेलची (कठड्याची) तार किंवा पायरी मात्र तापवायला हरकत नाही, जवळ डाख नसेल तर. अंधुक उजेडात धातू मंद लाल दिसू लागला की ज्योत बाजूला.

जोडताना आधी एकाच बाजूचा रॉड लावा आणि चाकं बोटाने फिरवा. अडकलं तर दोष रॉडमध्ये. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोकळ्या फिरतात, पण एकत्र अडकतात, तर 90 अंशांचा कोन तपासा. भोक कानसीने मोठं करून अडकणं घालवू नका. इंजिन धावेल, पण खडखडत.

आमच्याकडे पाठवायचा असेल तर रॉड जसा वाकला तसाच पाठवा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने बसवून. दुसऱ्या बाजूचा चांगला रॉडही सोबत द्या, भोकांचं अंतर आम्ही त्यावरूनच घेतो.