धार आधी, मोठा मेंदू नंतर

केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी नावाची जागा आहे. तिथली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं २०१५ साली जाहीर झालं आणि मानवाच्या उत्क्रांतीचं आपण शाळेत शिकलेलं वेळापत्रक अडचणीत आलं. ‘होमो’ या आपल्या प्रजातीचा आजवर सापडलेला सर्वांत जुना जीवाश्म म्हणजे इथिओपियातला एक जबडा, आणि तो २८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. मग दगडावर दगड आपटून धार काढणारे हात कुणाचे? त्या काळात आफ्रिकेत वावरणाऱ्या ऑस्ट्रेलोपिथेकस या मानवसदृश प्राण्याचा मेंदू जेमतेम ४०० ते ५०० घन सेंटिमीटरचा होता. आपला सरासरी १३५०च्या आसपास भरतो. लोमेक्वीच्या वयावर काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. त्या मान्य केल्या तरी इथिओपियातल्याच गोना इथली २६ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं उरतात, आणि मेंदूची मोठी वाढ झाली ती त्यानंतर.

दोन पायांवर चालणं तर याहूनही जुनं. टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत.

म्हणजे शरीर आधी पूर्ण घडलं आणि मग त्या तयार शरीराने संस्कृती उभारली, हा क्रम टिकत नाही. हत्यारं वापरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली, की ती सवय हीच परिस्थितीचा भाग बनते. थंडी किंवा दुष्काळ जसे नैसर्गिक निवडीला दिशा देतात, तशीच तीही देते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते तोंडात. ऑस्ट्रेलोपिथेकसच्या दाढा मोठ्या आणि जबडा दणकट. होमो इरेक्टस या नंतरच्या मानवापर्यंत येता येता दाढा लहान झाल्या, चेहरा आत गेला. २०१६ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या डॅनियल लीबरमन आणि कॅथरीन झिंक यांनी स्वयंसेवकांना शेळीचं कच्चं मांस आणि कंदमुळं चघळायला दिली. (विज्ञानासाठी लोक काय काय सोसतात!) नुसतं कच्चं मांस चावून त्याचे तुकडे होतच नाहीत, ते रबरासारखं तोंडात फिरत राहतं. पण आहारात एकतृतीयांश मांस असेल, ते दगडाच्या धारेने कापलेलं आणि कंद दगडाने ठेचलेले असतील, तर चावण्याच्या फेऱ्या १७ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारा जोर २६ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा हिशेब निघाला. दाढांचं काम दगड करू लागल्यावर दणकट जबडा बाळगण्याचं कारणच उरलं नाही.

जॉर्जियातल्या द्मानिसीची एक कवटी इथे आठवते. साधारण १७.७ लाख वर्षांपूर्वीच्या या व्यक्तीच्या तोंडात मरतेवेळी एकच दात होता. बाकीच्या दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या, म्हणजे दात गेल्यावरही ती बराच काळ जगली. सोबत्यांनी तिची काळजी घेतली, असा अर्थ अनेकांनी काढला. तो खरा असेलही, पण कवटीवरून प्रेम सिद्ध होत नाही. मऊ अन्न मिळत होतं, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आगीची गोष्ट जास्त वादाची आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाची २० टक्के ऊर्जा तो खातो. ही ऊर्जा आली कुठून? लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर या संशोधकांनी १९९५ साली मांडलं, की आहार सकस झाल्याने आतडं आखूड झालं आणि तिथे वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली. २०११ साली शंभर जातींच्या सस्तन प्राण्यांची मोजमापं तपासली, तेव्हा हे गणित सरसकट जुळलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांच्या मते खरी कलाटणी शिजवण्याने दिली, कारण शिजलेल्या अन्नातून जास्त ऊर्जा हाती लागते. कल्पना देखणी आहे. मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, दारापासून ३० मीटर आत सापडलेली राख आणि जळकी हाडं सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि होमो इरेक्टस त्याच्या कितीतरी आधी अवतरला होता. ही दरी भरेपर्यंत मी तरी पहिलं श्रेय कापण्या-ठेचण्यालाच देईन.

पण दगडाला धार काढण्याचं कसब रक्तातून येत नाही, शिकावं लागतं. एका प्रयोगात चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना पेटीतून खाऊ काढून दाखवला, मुद्दाम काही निरुपयोगी कृती मधे घालून. पेटी पारदर्शक असताना चिंपांझींनी फालतू कृती गाळल्या. मुलांनी सगळं जसंच्या तसं केलं! वरवर पाहता चिंपांझी हुशार ठरले. पण ज्या कामातली कोणती पायरी कशासाठी हे पाहणाऱ्याला कळत नाही, तिथे आंधळी नक्कलच उपयोगी पडते. शेकडो पिढ्यांचं ज्ञान गळती न होता पुढे सरकलं, ते बहुधा या मुलांसारख्या नक्कलखोर स्वभावामुळे.

शरीर आणि संस्कृती यांच्यातली ही देवाणघेवाण अश्मयुगात थांबली नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं लॅक्टेज विकर बाळपण संपताना कमी होतं. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांत आजही हेच घडतं. हे विकर मोठेपणीही चालू ठेवणारी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत स्वतंत्रपणे रुजली, तीही पशुपालन करणाऱ्यांत. २०२२ साली युरोपातल्या हजारो जुन्या खापरांवरचे दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष आणि प्राचीन डीएनए एकत्र तपासले गेले. तेव्हा दिसलं, की हे उत्परिवर्तन सर्रास होण्याच्या हजारो वर्षं आधीपासून लोक दूध वापरत होते. धडधाकट माणसाला दूध पचलं नाही तर फार तर पोट फुगतं, जुलाब होतात. उपासमारीत किंवा रोगाच्या साथीत मात्र तेच जुलाब जीव घेऊ शकतात. दूध पचवणाऱ्यांची निवड झाली ती अशा वाईट वर्षांत, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.