खोट नियमात की प्रोग्रॅममध्ये?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत एक वाक्य हमखास कागदावर येतं : ‘आम्ही वाय-फायच्या सुरक्षेतली त्रुटी शोधणार.’ त्रुटी कुठली, भो? वाय-फायने कसं बोलायचं याचे जे नियम आहेत त्यांतली, की ते नियम राबवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या प्रोग्रॅममधली? या प्रश्नावर बहुतेक पोरं एकमेकांकडे बघतात. दोन्हींना आपण ‘हॅक झालं’ म्हणून मोकळे होतो. पण शोधायची रीत, दुरुस्ती कुणी करायची आणि शेवटी सिद्ध काय झालं, हे सगळंच दोन्हींत वेगळं असतं.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हा फरक चटकन कळेल. एकेरी मार्गावर टोकन हातात आल्याशिवाय गाडी हाकायची नाही, हा जुना नियम. कुणी टोकनाविना गाडी काढली तर चूक त्या माणसाची. पण एका वेळी दोन टोकनं बाहेर पडतील अशी फट नियमांच्या पुस्तकातच राहिली असेल, तर सगळे नियमाने वागूनही गाड्या समोरासमोर येणार. नेटवर्कमध्ये नियमांच्या पुस्तकाला प्रोटोकॉल म्हणतात आणि ते राबवणाऱ्या प्रोग्रॅमला इम्प्लिमेंटेशन.

प्रोग्रॅममधल्या खोटीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २०१४ चं हार्टब्लीड. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल. त्यात एक सोय आहे : ‘तू जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत पाठव.’ सोबत शब्दाची लांबीही कळवायची. समजा पाठवणाऱ्याने ‘केळी’ एवढाच शब्द पाठवला, पण लांबी कळवली चौसष्ट हजार. टीएलएस राबवणारा ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम ती लांबी तपासतच नव्हता. तो ‘केळी’ परत द्यायचा आणि त्याच्या पुढे मेमरीत जे काही पडलं असेल तेही उचलून द्यायचा : कुणाचा पासवर्ड, कधी सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा. एका फेरीत ६४ केबीपर्यंत. आता नियम काय म्हणत होता बघा. या सोयीचं अधिकृत मानक २०१२ मध्ये आलं आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कळवलेली लांबी वाजवीपेक्षा मोठी असेल तर निरोप गुपचूप टाकून द्यावा. पुस्तकात होतं, प्रोग्रॅममध्ये उतरलं नाही. दुरुस्ती म्हणून ती तपासणी घातली आणि प्रश्न मिटला. किल्ल्या आणि प्रमाणपत्रं बदलण्याचं झेंगट मात्र जगभर महिनोन्महिने चाललं.

नियमातल्या खोटीसाठी थोडं मागे जावं लागतं. १९७८ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी याची एक पद्धत मांडली. तिचा सार्वजनिक किल्लीवाला प्रकार आपल्याकडच्या नावांनी समजून घेऊ. चाळीसगावकरांनी रागावू नये, भामट्याची भूमिका कुणाला तरी द्यावीच लागते.

प्रत्येकाची बंद करायची किल्ली सगळ्यांना माहीत असते, उघडायची मात्र फक्त त्याच्याकडे. म्हणून ज्याच्या किल्लीने निरोप बंद केला, तो फक्त त्यालाच उघडता येतो. जळगाव धुळ्याला आपलं नाव आणि एक गुप्त आकडा पाठवतं, धुळ्याच्या किल्लीने बंद करून. धुळे तो आकडा आणि स्वतःचा एक नवा आकडा परत पाठवतं, जळगावच्या किल्लीने बंद करून. जळगाव धुळ्याचा आकडा परत करतं. झाली ओळख. आकडा उघडता आला म्हणजे समोर तोच आहे, असा हिशेब.

आता जळगावने एका दिवशी चाळीसगावशी रीतसर बोलणं सुरू केलं. चाळीसगावने तो निरोप उघडला, धुळ्याच्या किल्लीने पुन्हा बंद केला आणि धुळ्याला पाठवला : ‘मी जळगाव.’ धुळ्याने उत्तर दिलं, पण ते जळगावच्या किल्लीने बंद. चाळीसगावला ते उघडत नाही, आणि उघडायची गरजही नाही. ते जसंच्या तसं जळगावकडे सरकवलं. जळगावला वाटलं, हे चाळीसगावचंच उत्तर. त्याने आतला आकडा काढला आणि नियमाप्रमाणे चाळीसगावला पाठवला. चाळीसगावने तो धुळ्याच्या हातात ठेवला. धुळ्याची खात्री पटली की समोर जळगावच आहे.

यात कुणी कुलूप फोडलं नाही. जळगाव आणि धुळे अक्षरशः नियमाने वागले. प्रोग्रॅम कितीही काटेकोर लिहा, फसवणूक होणारच. ही फट गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी दाखवली आणि पुढच्या वर्षी संगणकाकडून सगळ्या शक्यता तपासून घेऊन दुरुस्तीसह मांडली. दुरुस्ती किती छोटी? दुसऱ्या निरोपात धुळ्याने आपलं नाव घालायचं. मग चाळीसगावशी बोलणाऱ्या जळगावला पाकिटातून ‘धुळे’ निघालेलं दिसतं आणि ते तिथेच थांबतं.

तेव्हा ओळखायची खूण सोपी आहे. नियम शब्दशः पाळल्यावर दुखणं जातं का? गेलं तर खोट प्रोग्रॅमची, उरलं तर प्रोटोकॉलची.

खरी गंमत मात्र सीमेवरच्या प्रकरणात आहे. २०१७ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या मॅथी व्हॅनहोफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या मानकावरचा क्रॅक हल्ला जाहीर केला. फोन आणि राउटर जोडताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. तिसरा निरोप आला की फोन किल्ली बसवतो आणि डेटाच्या पाकिटांची मोजणी शून्यापासून सुरू करतो. चौथा निरोप राउटरपर्यंत पोचला नाही तर राउटर तिसरा पुन्हा पाठवतो, आणि फोन तीच किल्ली पुन्हा बसवून मोजणी मागे नेतो. हल्लेखोराने फक्त चौथा निरोप अडवायचा. तीच किल्ली आणि तोच क्रमांक दोनदा वापरला गेला की पाकिटांवरचं आवरण सैल होतं. पासवर्ड यात कुणाला कळतच नाही, त्यामुळे तो बदलूनही उपयोग नव्हता.

ही खोट मानकातली. तरी आयफोन आणि विंडोज या मुख्य हल्ल्यातून बऱ्यापैकी सुटले, कारण ते पुन्हा आलेला तिसरा निरोप स्वीकारतच नव्हते. म्हणजे मानक मोडणारे वाचले! उलट अँड्रॉइड ६ मधला प्रोग्रॅम एकदा बसवलेली किल्ली मेमरीतून पुसायचा आणि दुसऱ्यांदा चक्क सगळी शून्यं असलेली किल्ली बसवायचा. नियमाच्या खोटीवर प्रोग्रॅमची खोट चढली. आणि नियमातली ही चूक सापडली कशी, तर व्हॅनहोफ दुसऱ्याच एका निबंधासाठी ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड पुन्हा तपासत होते तेव्हा.

याच चार निरोपांची सुरक्षितता २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी गणिताने सिद्ध केली होती. ती सिद्धता खोटी ठरली का? नाही. किल्ली गुप्त राहते, असं ती म्हणत होती आणि किल्ली गुप्तच राहिली. किल्ली कधी आणि किती वेळा बसवायची, हे सिद्धतेच्या चौकटीत नव्हतंच. म्हणून ‘सिद्ध झालेला प्रोटोकॉल’ असं कुठे वाचलं की नेमकं काय सिद्ध झालं, ते आधी बघावं. माझ्या मते शोधनिबंध वाचायला शिकणाऱ्याने पहिली सवय हीच लावून घ्यावी.

प्रोजेक्टपुरतं सांगायचं, तर प्रोटोकॉल तपासायला प्रोव्हेरिफ आणि टॅमरिन ही साधनं फुकट मिळतात. टीएलएस १.३ चं मानक ऑगस्ट २०१८ मध्ये पक्कं होण्याआधीच विद्यापीठांतल्या लोकांनी अशा साधनांनी ते पिंजून काढलं होतं. महागडं यंत्र लागत नाही. कागद, डोकं आणि साधा लॅपटॉप पुरतो. लोचं उदाहरण स्वतः लिहून फट पकडून दाखवली, तरी बी.ई.ला भरपूर झालं.

प्रोग्रॅम तपासायची प्रसिद्ध रीत म्हणजे फझिंग, प्रोग्रॅमला अद्वातद्वा माल चारत राहायचा आणि तो कुठे कोसळतो ते बघायचं. तिचा उगमही वर्गातल्या प्रोजेक्टचाच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बार्टन मिलर यांनी वादळी रात्री फोनलाइनच्या खरखरीने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रोग्रॅम कोसळताना पाहिले आणि १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना तोच अभ्यास दिला. १९९० च्या निबंधात त्यांनी छापलं की तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकले. पण फझिंगने लोची फट सहसा सापडणार नाही, कारण तिथे कोसळतच काही नाही. सगळं सुरळीत चालतं, फक्त चुकीच्या माणसाशी.

सिनॉप्सिसवर आधी ‘नियम’ की ‘प्रोग्रॅम’ ते लिहा. प्रोग्रॅम असेल तर आवृत्तीचा क्रमांकही लिहा, नाहीतर बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि प्रयोग स्वतःच्या जुन्या राउटरवर करा. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वाय-फायवर परवानगीविना हात घातला तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागतं, हेतू अभ्यासाचा होता हे सांगत बसावं लागतं. चालू प्रोग्रॅममध्ये खरंच काही सापडलं तर व्हॉट्सॲप स्टेटसला टाकण्याआधी तो बनवणाऱ्यांना किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेला कळवा.